काय गेलं ते सांग

प्रिय लेका,

काल रात्री साडेअकराला तुझा काट्याचा फोटो आला. आकडा, त्याच्या अलीकडे तुझ्या पायाची बोटं आणि खाली ओळ, "सर, आठ दिवसांत चार किलो गेले होते, तीन परत आले. माझंच काही चुकतंय का?" मग वजन उतरवायच्या शेकच्या डब्याचा फोटो, पोटाला बांधायच्या पट्ट्याचा, चहाच्या पाकिटाचा. मी किमतींची बेरीज केली. अकरा हजारांच्या वर गेली. तेवढ्यात आपल्या अख्ख्या संघाचे बूट आले असते.

तू आळशी नाहीस. पावसाळ्यात पहाटे पाचला चिखलातून पळायचास, तो मीच पळवलेला. त्यामुळे धीर वगैरे देत बसत नाही. एकच विचारतो. चार किलो गेले म्हणतोस, तर त्यात काय गेलं?

पट्ट्यानं गेला तो घाम. तांब्याभर पाणी प्यालास की परत. पोटावर पट्टा बांधून पोटाचीच चरबी उतरवता येत नाही, शरीर तसं ऐकत नाही. चहाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत 'सेन्ना' लिहिलंय बघ. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी. ती कशासाठी देतात ते तुझ्या आजीला विचार. जुलाब होतात मोठ्या आतड्यात; खाल्लेल्याच्या कॅलरी त्याच्या कितीतरी आधी, लहान आतड्यातच, रक्तात गेलेल्या असतात. राहिला शेक. दोन जेवणं सोडून तो पितोस, म्हणजे मुळात खाणं कमी झालं. अशा वेळी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी संपते, आणि तिच्याबरोबर तिच्या तिपटीएवढं पाणी जातं. काटा झपकन उतरतो. चार दिवस नीट जेवलास की साखरही भरते आणि पाणीही.

गणित कर की. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चार किलोच्या ३०,८०० झाल्या. आठ दिवसांत म्हणजे रोज ३,८५०. खुर्चीत बसून काम करणारा माणूस कडकडीत उपास केला तरी दिवसाला तेवढ्या जाळत नाही. मग काय गेलं, सांग!

मला हे कुठून कळलं, तेही सांगतो. तू तेव्हा जन्मला नव्हतास. कबड्डीच्या कुमार गटाच्या स्पर्धेआधी माझा सगळ्यात चपळ चढाईपटू वजनाच्या मर्यादेपेक्षा अडीच किलो जास्त भरला. दोन दिवस मी त्याला पाणी तोडलं. दोन स्वेटर, वर प्लास्टिकचा रेनकोट, भर दुपारी मैदानाला फेऱ्या. शेवटी तर डब्यात थुंकायला लावलं. काट्यावर दोनशे ग्रॅम आत बसला आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मध्यंतरानंतर चढाईला गेला, परत येताना मध्यरेषेच्या हातभर अलीकडे पोटरीत गोळा आला आणि तिथेच आडवा झाला. संध्याकाळी दोन तांबे पाणी आणि डाळभात पोटात गेल्यावर, कशासाठी कोण जाणे, मी त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं. जवळजवळ सगळं वजन परत! चरबी चमचाभर गेली नव्हती. तो पुन्हा मैदानावर आला नाही. त्या काळी सगळेच प्रशिक्षक असं करायचे, मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, आणि संघात जागा तर मिळाली ना त्याला? असं मी मनाशी आजही म्हणतो. पण त्याचं घर ज्या गल्लीत आहे, तिथून जायचं टाळतो.

म्हणून चिडतो. तुझ्यावर नाही. थोडासा तुझ्यावरही. इंजिनिअर ना तू? लठ्ठपणा बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. म्हणून डब्यावर 'औषध' हा शब्द नसतो, 'नैसर्गिक' असतो. सिब्युट्रामीन नावाची भूक मारणारी गोळी होती. हृदयाला धोका दिसल्यावर युरोपात २०१० मध्ये थांबवली, आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. त्यानंतरही तपासण्यांमध्ये तीच गोळी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात लपवलेली सापडत राहिली. डबा घेतल्यापासून छातीत धडधडतं असं तू सहज लिहून गेलास. तो डबा आजच बंद कर आणि डॉक्टरकडे जाताना बरोबर ने. वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आलीत, त्याबद्दलही त्यांनाच विचार, तुझ्या त्या 'फिट फॅमिली' ग्रुपवरच्या ताईंना नको.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण गोऱ्या डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२! काट्याला यातलं काय कळलं? आपण लोक वरून बारीक आणि आतून चरबीचे. म्हणून वजन नको सांगूस. काय गेलं ते सांग.

ते करदोट्याला विचार. तो पोटात रुतत असेल तर काटा काहीही म्हणो. करदोटा बांधत नसशील तर डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी माप, मधोमध दुमड आणि कमरेभोवती गुंडाळ. टोकं भिडली नाहीत तर काम आहे. महिन्यातून एकदाच बघायचं.

आणि काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. रोज साडेपाचशे कॅलरी तुटल्या तर आठवड्याला अर्धा किलो, तोही कागदावर. पुढे वेग कमीच होतो. तुझ्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागतं, तूच म्हणालास. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलीच्या वर, साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. आईला साडेतीन लिटरवर आण. भांडेल, भांडू दे. चहा चार कप, कपात दोन चमचे साखर, त्याच्या दीडशे. भाकरी सोडू नकोस. उसळ वाढव, अंडी खा, ताक पी. जोर-बैठका मात्र सोडायच्या नाहीत, नाहीतर उपाशी राहून स्नायू घालवशील आणि काट्याचा फोटो काढून मलाच पाठवशील.

डॉक्टरांनी छाती तपासून हो म्हटलं की रविवारी सहाला मैदानावर ये. आधी नको.

बाकी, तू मला ज्या 'फिट फॅमिली' ग्रुपात घातलंयस तिथून मी आज बाहेर पडलो. राग मानू नकोस. रोज सकाळी उठून अनोळखी लोकांची पायाची बोटं बघायची म्हणजे फार होतं.

तुझा,
सर