साठीच्या जोडप्याने टूर कंपनीशिवाय दक्षिण चीन फिरावा का? शाकाहारी जेवणाचे हाल होतात का?

खुशाल जा. आणि टूरबरोबर जाऊ नका, हे आधीच सांगते.

आम्ही दोघं एप्रिल २०१८मध्ये गेलो होतो. हे एकसष्ट वर्षांचे, मी सत्तावन्न. ग्वांगझूला दोन दिवस राहिलो, मग वेगवान रेल्वेने तीनेक तासांत ग्वीलिन. टूरवाले तिथून ली नदीच्या मोठ्या बोटीत बसवतात, चार-साडेचार तासांनी यांगशुओच्या बाजारात उतरवतात आणि लगेच पुढचं शहर. वाटेत शिंगपिंग नावाचं जुनं गाव लागतं. वीस युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला जे डोंगर आहेत, ते इथलेच. बोटीवरची माणसं तेवढ्यापुरती डेकवर येतात, फोटो काढतात, जेवायला खाली जातात.

आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. पहिले दोन दिवस पाऊस आणि धुकं, समोरचा काठसुद्धा दिसेना. हे छत्री घेऊन घाटावर जायचे आणि परत यायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे धुकं पाण्यावरून वर सरकायला लागलं. आधी नुसते डोंगरांचे पायथे, मग एकेक सुळका. ह्यांनी नोट डोळ्यांसमोर धरली, पण काही केल्या जुळेना. घाटावर भाजी धुणारी एक बाई ते बघत होती. ती हात पुसत उठली, ह्यांचा कोपर धरून दहा-बारा पावलं उजवीकडे नेलं आणि नोटेवर बोट ठेवलं. जुळलं! मला त्या बाईचं बोलणं एक अक्षर कळलं नाही, पण त्या सकाळी आम्ही तिघं बराच वेळ तिथे उभे होतो.

त्या दिवाळीत मोठे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, “आठ दिवसांत एक नदी बघितलीत? आम्ही तेवढ्यात चार शहरं केली.” तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते, भाऊजी, शहर ‘करायचं’ नसतं. तुम्ही बसमध्ये झोपलात, दुकानांसमोर उतरलात आणि पनीरची भाजी खाऊन आलात. शिंगपिंगहून तुमची बोट पुढे गेली, त्याच घाटावर आम्ही राहिलो.

जेवणाचं म्हणाल तर ग्वांगझूच्या हॉटेलातल्या मुलीकडून चिनी लिपीत कागद लिहून घेतला होता: मांस, मासे, अंडं, चरबी नको. ‘चरबी’ विसरू नका, तिकडे साधी पालेभाजीही डुकराच्या चरबीत परततात. ग्वीलिनच्या प्रसिद्ध राइस नूडल्सच्या वाटेला जाऊ नका, रस्सा हाडांचा असतो. टोफू, वांगं, लसूण घातलेली पालेभाजी, वाफवलेल्या अळकुड्या आणि भात, यावर आमचं छान चाललं. कांदा-लसूणही चालत नसेल तर मात्र कठीण आहे. मग टूरच घ्या, माझं काही म्हणणं नाही.

यांगशुओ नावाचं रेल्वे स्टेशन शिंगपिंगजवळ आहे, यांगशुओ शहर तिथून बरंच लांब. आम्ही जाताना हे माहीत नसल्यामुळे दिवस घालवला. नदीवरच्या ‘बांबूच्या’ तराफ्यांना प्लॅस्टिकचे पाइप आणि इंजिन असतं. खरा बांबू आणि हाताने मारलेला बांबूचा दांडा हवा असेल तर यांगशुओजवळच्या युलोंग नदीवर जा. ग्वीलिनजवळच्या लोंगजीची डोंगरउतारावरची भातशेतीही अप्रतिम आहे, पण चढ फार आहे, गुडघे दुखत असतील तर विचार करा. गूगल चीनमध्ये चालत नाही, नकाशे आधीच उतरवून घ्या. पैसे देण्यासाठी फोनवर अलीपे हे चिनी ॲप घ्या, आता त्याला परदेशी व्हिसा कार्ड जोडता येतं. कोलकात्याहून ग्वांगझूला थेट विमानही ऑक्टोबर २०२५पासून परत सुरू झालं आहे.

शिंगपिंगला मात्र तीन रात्री ठेवा. दोन नकोत. दुसऱ्या दिवशी निघालो असतो तर आम्हालाही डोंगर दिसले नसते.