अमोनिया वाढवला की धूर जास्त साफ होतो का?

प्रश्न : आमच्या बॉयलरच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन निघतो. मग नायट्रोजन ऑक्साइडसाठी अमोनिया आणि महागडा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) कशाला? तेही त्याच फवाऱ्यात धुतले जाणार नाहीत का? आणि अमोनिया सोडतोच आहोत, तर थोडा जास्त सोडला म्हणून काय बिघडले?
– एक बॉयलर ऑपरेटर

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न मीही नोकरीच्या पहिल्याच वर्षी विचारला होता. आमचे शिफ्ट इंचार्ज म्हणाले, "जे पाण्यात विरघळतच नाही, ते पाण्याने धुणार कसे?" बॉयलरच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडमध्ये साधारण ९० ते ९५ टक्के वाटा नायट्रिक ऑक्साइडचा असतो. हा वायू रंगहीन आणि पाण्याला अगदीच दाद न देणारा. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात जातो, पण तो असतोच किती! ओझोन सोडून आधी पुढची ऑक्साइडे बनवायची आणि मग धुवायची, अशीही पद्धत आहे. पण ओझोन बनवायला वीज खर्चा, आणि वर नायट्रेटचे पाणी सांभाळत बसा.

अमोनियाचे काम सुटसुटीत आहे. नायट्रिक ऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन नुसता नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. अट तापमानाची. कॅटॅलिस्ट नसेल तर ८५० ते ११०० अंश सेल्सिअस लागते, म्हणजे थेट भट्टीतच फवारा मारावा लागतो, आणि निम्मे प्रदूषण घटले तरी खूप. त्याहून गरम जागी तोच अमोनिया जळून उलट नायट्रिक ऑक्साइड तयार करतो! टायटॅनियम ऑक्साइडवर व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर दिलेला कॅटॅलिस्ट असेल तर ३०० ते ४०० अंशांत भागते आणि ८०-९० टक्के घट मिळते. म्हणून तो इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणारा भाग) आणि एअर प्रीहीटर (त्याच उष्णतेवर भट्टीची हवा तापवणारा भाग) यांच्या मध्ये बसवतात.

आता 'थोडा जास्त'. नायट्रिक ऑक्साइडच्या एका रेणूला अमोनियाचा एक रेणू पुरतो. उरलेला तसाच पुढे निघून जातो. आमच्याकडे एकदा चिमणीवरचा नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा चढायला लागला. रात्रपाळीने अमोनियाचा व्हॉल्व्ह आणखी उघडला, आकडा उतरला, सगळे खूश. दोन आठवड्यांनी राख भरणारे कामगार सांगू लागले, की राखेवर पाणी मारले की डोळे चुरचुरतात. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पुढे एअर प्रीहीटरचा डीपी (आत-बाहेरच्या दाबातला फरक) वाढला, धूर चिमणीकडे ओढणारा आयडी फॅन जास्त अँपिअर खाऊ लागला. शेवटी बॉयलर बंद करून उघडले, तर प्रीहीटरच्या थंड बाजूच्या बास्केटमध्ये (पत्र्यांच्या जुडग्यांत) करडा चिकट लगदा. खराट्याने ओढला तर खराटाच चिकटला.

तो होता अमोनियम बायसल्फेट. कॅटॅलिस्ट थोड्या सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतो. उरलेला अमोनिया आणि वाफ त्याला मिळाली, की हे मीठ बनते. ते १४७ अंशांना वितळते, म्हणून त्या भागात ओलसर राहून राख धरून ठेवते. पाण्यात विरघळते, एवढेच नशीब. आम्ही तीन दिवस धूत होतो.

मूळ कारण निघाले भलतेच : अमोनिया ग्रिडच्या (धुरात अमोनिया सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) काही नोझल राखेने चोंदल्या होत्या. धुराच्या एका पट्ट्याला अमोनिया मिळतच नव्हता आणि आम्ही बाकीच्या पट्ट्यांत ओतत होतो. तेव्हा आकडा चढला की आधी नोझल बघा, कॅटॅलिस्टनंतर डक्टच्या (धुराच्या मार्गाच्या) वेगवेगळ्या बिंदूंवर मोजमाप घ्या, मगच व्हॉल्व्हला हात लावा. सुटलेला अमोनिया २-३ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन-तीन भागांच्या) आसपास ठेवता आला तर उत्तम.

आणि लोड उतरवताना धूर ठरलेल्या तापमानाखाली गेला, की अमोनिया आपोआप बंद करणारा इंटरलॉक (सुरक्षा यंत्रणा) असतो. तो बायपास करायला कोणी सांगितले, तर लॉगबुकात तसे लिहून त्यांची सही घ्या. बहुतेक वेळा सही मागताच विचार बदलतो.