फ्रीमेसन लॉजमध्ये प्रवेश घेताना

प्रश्न : माझे वय ३४ आहे. एका ज्येष्ठ स्नेह्यांमुळे मला फ्रीमेसन लॉजविषयी ओढ वाटू लागली आहे. परंतु घरच्यांना हा गुप्त पंथ वाटतो. काय करावे? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी घरच्यांशी मोकळेपणाने बोला, मगच अर्ज करा. हा पंथ नव्हे; पाथरवटांच्या जुन्या संघांच्या परंपरेतून आलेली ही बंधुभावाची संघटना आहे आणि तिच्या स्थानिक शाखेला ‘लॉज’ म्हणतात. ईश्वरावर श्रद्धा ही अट असली, तरी त्याला कोणत्या नावाने पुजता हे विचारले जात नाही, शपथ आपल्याच धर्मग्रंथावर घेतली जाते आणि बैठकीत धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. मुंबईत भारतीयांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज १८४३ मध्येच निघाले. ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही देशातील मध्यवर्ती संस्था १९६१ची.

आपल्या स्नेह्यांना सूचक होण्याची विनंती स्वतःहून करा. भेटीगाठींनंतर सदस्य पेटीत पांढरी (होकाराची) किंवा काळी (नकाराची) गोटी टाकून गुप्त मतदान करतात. दीक्षेच्या दिवशी कमरेला कोकराच्या कातड्याचा शुभ्र, नक्षीविरहित एप्रन बांधला जातो. पाथरवटांच्या परंपरेची ती खूण मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे सदस्यत्वाच्या आणखी दोन पायऱ्या असतात. प्रवेश शुल्क व वार्षिक वर्गणी आधीच विचारून घ्या. व्यवसायात ओळखी वाढाव्यात एवढाच हेतू असेल, तर मात्र अर्ज करू नका.