विमानाच्या खिडक्या चौकोनी का नसतात?

उंचावर बाहेरची हवा विरळ, म्हणून आत दाब वाढवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचा सांगाडा फुग्यासारखा किंचित फुगतो, उतरल्यावर पूर्ववत होतो. हा ताण कोपऱ्यांपाशी एकवटतो. गोलाईवर तो पसरतो.

हे ज्ञान फार महागात पडलं. डी हॅविलंड कंपनीचं 'कॉमेट' हे १९५२ मध्ये सेवेत आलेलं जगातलं पहिलं प्रवासी जेट. १९५४ च्या जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरं, अशी दोन कॉमेट विमानं इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुन्हापुन्हा वाढवला-उतरवला. खऱ्या उड्डाणांसह साधारण ३,००० फेऱ्यांनंतर पत्रा खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. वारंवारच्या ताणाने धातूला आलेला थकवा!

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट फुटलं, असं सांगितलं जातं. त्यात एक दुरुस्ती मात्र करायला हवी. कॉमेटच्या खिडक्या अगदी काटकोनी नव्हत्या, कोपरे थोडे गोल होतेच. आणि जानेवारीच्या विमानाच्या सापडलेल्या अवशेषांत तडा प्रवाशांच्या खिडकीला नव्हे, तर छतावरच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी सुरू झालेला दिसला. शिवाय पत्रा पातळ होता, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची (खिळ्यांची) भोकंही नडली. सुधारित 'कॉमेट ४' १९५८ मध्ये आलं, पण त्याच वर्षी बोइंग ७०७ ही उतरलं आणि बाजार घेऊन गेलं.