महाराष्ट्राला कोळशाकडून स्वच्छ विजेकडे न्यायचं, तर सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर: शेतीच्या फीडरपासून, म्हणजे सबस्टेशनहून शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीपासून.

छतावरचं सोलर चांगलंच आहे, पण सूर्य मावळला की ते थांबतं आणि बॅटरी महाग पडते. शेतीपंपाचं तसं नाही. विहिरीवरची मोटर दिवसा चालली तर शेतकऱ्याला हवंच आहे! आमच्याकडे रब्बीत वीज रात्री यायची. जानेवारीच्या थंडीत वडील गुडघाभर बूट घालून, हातात बॅटरी घेऊन दोन वाजता गव्हाला दारं धरायला जायचे. ते घरी परत येईपर्यंत आईला झोप नसायची. साप, बिबट्या, ओल्या हाताला लागणारा स्टार्टरचा शॉक, धास्ती कशाकशाची घ्यायची?

२०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकं हेच करते. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची. दूरवरून वीज आणताना होणारी गळती वाचते. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिवसा वीज फुकट मिळाली की मोटर बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मराठवाड्यात बोअर आधीच खोल गेलेत. म्हणून सौर विजेसोबत ठिबक सक्तीचं हवं. नाहीतर वीज स्वच्छ होईल आणि विहीर कोरडी.