वाचकांचे प्रश्न : अरबी पानावर वजाबाकी उलटी का दिसते?

प्रश्न : आमच्या अरबी शैक्षणिक संकेतस्थळावर ‘१५ - ७’ हे ‘७ - १५’ दिसतं. पान मोबाइलवर सावकाश उघडतं, शोधात धडे सापडत नाहीत. उपाय?

उत्तर : उजवीकडून वाहणाऱ्या परिच्छेदात वजाचिन्ह आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा परिच्छेदाचीच दिशा घेतात, म्हणून आकडे आतून शाबूत राहतात, त्यांची अदलाबदल मात्र होते. मोकळी जागा काढली की इंग्रजी अंक सरळ होतात, पण त्यांच्या आधी अरबी अक्षर नसेल तरच; पूर्वेकडचे अरबी अंक (١, ٢, ٣) तर तेव्हाही फसवतात. तेव्हा हा जुगाड नको. प्रत्येक गणित एचटीएमएलच्या ‘बीडीओ’ (bdo) टॅगमध्ये घाला आणि त्याच्या ‘डीआयआर’ (dir, म्हणजे दिशा) या गुणधर्माला ‘एलटीआर’ (ltr, डावीकडून उजवीकडे) ही किंमत द्या.

सावकाशीत बऱ्याचदा फॉन्टचा वाटा मोठा असतो. वॉफ-२ (WOFF2, वेबसाठी दाबून लहान केलेली फॉन्ट) फाइल वापरा, साधं आणि ठळक एवढीच दोन वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) ठेवा, सीएसएसमधल्या ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर पर्यायी फॉन्टमध्ये दिसतो. नको असलेली अक्षरं काढून फाइल छाटताना ‘जीसब’ (GSUB, अक्षरांची जोडरूपं ठरवणारी) सारणी उडवू नका, नाहीतर जोडलेली अक्षरं सुटी पडतात. (अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंगही, त्याच कारणासाठी शून्यच बरं.)

शोधासाठी स्वरचिन्हं आणि अक्षर लांबवणारी ‘ततवील’ रेघ काढा, हम्झा व मद्द ही चिन्हं असलेले अलिफ (أ, إ, آ) साध्या अलिफमध्ये (ا) बदला. हे साठवलेल्या मजकुरावर आणि टंकलेल्या शब्दावर, दोन्हीकडे करा.