माणसं किती, वॉलेटं किती?

आमच्या एनएफटींचे (ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीत मालकी नोंदलेल्या वस्तूंचे) ५,००० नग फुकट मिंटमध्ये, म्हणजे पहिल्यांदा नोंदवून घेताना, दोन तासांत संपले. एवढे लोक खरंच आपले झाले का?

बहुतेक नाहीत. फुकट ते पौष्टिक म्हणत रांगेत माणूस नाही, वॉलेट (नग ठेवायचं डिजिटल खातं) उभं राहतं आणि एकाच माणसाची दोनशे वॉलेटं असू शकतात. ‘दर वॉलेटला एक’ ही अट त्याला अडवत नाही. अडवतो तो गॅसचा, म्हणजे दर व्यवहाराच्या शुल्काचा खर्च, आणि पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर तर तोही किरकोळ. एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) धारकांची यादी काढा आणि वीस-तीस वॉलेटांचा अगदी पहिला व्यवहार उघडा. एकाच वॉलेट-पत्त्यावरून मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सारखीच रक्कम आली आणि मिंट होताच नग एकाच पत्त्यावर गोळा झाले, तर हे वीस ‘सदस्य’ म्हणजे एकच गडी. मात्र पैसे क्रिप्टो एक्स्चेंजच्या पत्त्यावरून आले असतील तर तेवढ्यावरून शिक्का मारू नका. तिथून हजारो अनोळखी लोक पैसे काढतात.

मग गॉब्लिनटाउन या फुकट मिंट झालेल्या एनएफटी संग्रहाला कसं जमलं?

मे २०२२ मध्ये ना रोडमॅप (पुढची योजना), ना डिस्कॉर्ड (गप्पांचा गट), तरी फ्लोअर, म्हणजे विक्रीला असलेल्या सर्वांत स्वस्त नगाचा भाव, काही इथरवर (इथर हे क्रिप्टो-चलन) चढला. पण चढलेल्या भावाला समाज म्हणत नाहीत. ऑगस्ट २०२१ चं डॉम हॉफमन यांचं ‘लूट’ हे एनएफटी बघा: काळ्या चौकोनात आठ वस्तूंची पांढरी नावं, चित्रच नाही. विकून मोकळे झालेले तिथेही होते. तरी काहींनी त्यावर पात्रं रचली, नकाशे काढले. कुणी दर पिशवीमागे (लूटच्या नगाला पिशवी म्हणतात) १०,००० टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, वाटणारा स्मार्ट करार (ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम) लिहिला. करायला काम होतं, म्हणून माणसं थांबली.

अलाउलिस्ट (मिंटची मुभा असलेल्यांची यादी) कशी करावी?

रिट्वीट आणि तीन मित्रांना टॅग, ही अट बॉटच्या आवडीची. त्यापेक्षा घोषणेच्या दोन महिने आधीच्या तारखेचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीच्या धारकांची नोंद, घ्या: तेव्हा तुमच्यासारख्या कलाकारांचे नग कुणाकडे होते? मागची तारीख कुणाला आता रचता येत नाही. विकणाऱ्यांना मात्र हाकलू नका. त्यांनी विकलं तरच उशिरा आलेल्या खऱ्या चाहत्याला नग मिळेल.

फुकटचा नग विकला तर कर?

भारतात १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर उपकर. वजावट फक्त खरेदी किमतीची. ती शून्य, म्हणजे जवळपास सगळी विक्री करपात्र. दुसऱ्या नगातला तोटाही यातून वळता होत नाही. गॅस खरेदीत धरायचा का, ते रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा.